साक्ष कुणाच्या तोंडची?

मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष देणे’ हा शब्द रुळलेला आहे: आपल्यावर काय गुदरले आणि देवाने त्यातून कसे तारले, हे चारचौघांत उभे राहून सांगणे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ही साक्ष उपासनेचा प्राण आहे. पण बाकापाशी उभी राहून साक्ष देणारी बाई उपदेश करू लागली की तिचा अधिकार विचारला जाई. उपदेश करू पाहणाऱ्या जरीना ली यांना त्यांच्या कृष्णवर्णीय मेथडिस्ट चर्चचे संस्थापक रिचर्ड ॲलन यांनी आधी नकार दिला. उपदेशाची परवानगी मिळाली ती 1819 साली. पुढे 1836 मध्ये त्यांनी आपले आत्मकथन स्वतःच छापून घेतले. बाईने सांगितलेला अनुभव हे धर्मज्ञान की नुसता मनाचा उमाळा? माझ्या मते ते धर्मज्ञानच आहे, आणि त्याला व्यासपीठाची गरज नाही. मासिकाच्या संपादक सुझन टेलर यांची कारकीर्द मला याचा भक्कम पुरावा वाटते.

न्यूयॉर्कमध्ये 1970 साली कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ‘एसेन्स’ मासिक निघाले. सौंदर्य आणि फॅशनची पाने सांभाळणाऱ्या टेलर 1981 साली मुख्य संपादक झाल्या आणि 2000 पर्यंत त्या पदावर राहिल्या. ‘इन द स्पिरिट’ या सदरात त्या दर महिन्याला श्रद्धा, भय, एकटेपणा यांविषयी लिहीत. मासिकाचा दूरचित्रवाणी कार्यक्रमही त्यांनी सादर केला, आणि 1993 साली सदराच्याच नावाचे पुस्तक आले. माध्यमे बदलली, साक्षीची रीत तीच राहिली.

लिपस्टिकच्या जाहिरातींशेजारी कसले अध्यात्म, असे कुणी विचारेल. पण ज्यांच्या पूर्वजांची शरीरे लिलावात विकली गेली, ज्यांचे केस आणि रंग हे व्यंग ठरवले गेले, त्यांना तुमचा चेहरा सुंदर आहे असे सांगणे हे मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला या वचनावरचे भाष्यच आहे. आक्षेपाचा एक भाग मात्र मला खरा वाटतो. जाहिरातींवर जगणाऱ्या मासिकाला सावरलेल्या बाईची गोष्ट सोयीची असते. जिची जखम भरलीच नाही, तिला जागा कमी मिळते. त्याच 1993 साली कृष्णवर्णीय धर्मचिंतक डेलोरेस विल्यम्स यांनी बायबलमधली हागारेची कथा नव्याने वाचली. रानात पळालेल्या या दासीने देवाला ‘पाहणारा’ असे नाव दिले, तरी तिला जाच करणाऱ्या मालकिणीकडेच परत जायला सांगण्यात आले. देवाने पाहिले, पण सोडवले नाही. ही अवघड साक्षही साक्षच आहे, आणि टेलर यांच्या उभारी देणाऱ्या सदराशेजारी ती वाचायलाच हवी.

आत्म्याला रंग नसतो, मग कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वेगळ्या कथा कशाला, हा आक्षेप याहून मोठा. आत्म्याला रंग नसेल. सांगणाऱ्याच्या लेखणीला असतो. गुलामगिरीतून सुटलेल्या उपदेशक सोजर्नर ट्रूथ यांचे 1851 सालचे ओहायोतल्या ॲक्रनमधले स्त्रीहक्कांवरचे भाषण बारा वर्षांनी फ्रान्सिस गेज या गोऱ्या सुधारक बाईंनी दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीत छापले. ट्रूथ न्यूयॉर्क राज्यात जन्मल्या होत्या आणि त्यांची पहिली भाषा डच होती. गेज त्यांच्या वैरी नव्हत्या, स्त्रीहक्कांच्या त्याच चळवळीतल्या होत्या. ट्रूथ यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मजकूर छापण्याआधी शब्द तपासणारा हात त्यांचा नव्हता. आजही त्यांच्या नावावर लोकांच्या ओठी आहे ते गेज यांचेच रूप.