सांडलेले पाणी कोणी पुसावे?

लहान मुलाने स्वतःच्या हाताने करून शिकावे, या तत्त्वाला आज उघड विरोध करणारा माणूस सापडणे कठीण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळ व कृती यांना अग्रस्थान दिले. तरीही चार वर्षांच्या मुलाच्या हातातील भरलेला पेला आपण काढून घेतोच. तत्त्व मान्य असूनही आचरणात ते का उतरत नाही, याचे उत्तर शोधू लागले की प्रश्न शिक्षणशास्त्रापुरता उरत नाही; तो नीतीचा होतो.

बालवर्गातील एक साधा आठवडा डोळ्यांसमोर आणावा. सोमवारी मुले मटकी भिजत घालतात आणि एका लहान तांब्यातून दुसऱ्यात पाणी ओतण्याचा सराव करतात. मंगळवारी मटकी उपसून ओल्या फडक्यात बांधली जाते आणि मूग, हरभरा, वाल यांची मिसळ बोटांनी निवडून वेगवेगळ्या वाट्यांत भरली जाते. बुधवारी पुरचुंडी सोडून मोड पाहायचे. गुरुवारी चिकणमाती, शुक्रवारी मटार सोलणे आणि शनिवारी सर्वांनी मिळून केलेली उसळ खाणे. यात कोठेही पाटी-पेन्सिल नाही. पण मोजणे, तुलना करणे, वाट पाहणे आणि अंदाज बांधणे, हे सारे आहे. आणि या सहा दिवसांत पाणी अनेकदा सांडते.

त्या सांडलेल्या पाण्याचे काय करायचे, यावर माझ्या मते सगळे अवलंबून आहे. बाई रागावून पुसू लागल्या, तर मूल भय शिकते. त्यांनी प्रेमाने पुसून टाकले, तर मूल त्याहून वाईट गोष्ट शिकते : आपण केलेला पसारा आवरायला जगात दुसरे कोणी तरी असते. तिसरा मार्ग असा, की त्याच्या हाती फडके द्यावे आणि आपण शांत राहावे. पाच मिनिटे जातात, अर्धे पाणी फडक्यात आणि अर्धे फ्रॉकवर जाते. पण कर्म आणि त्याचा परिणाम यांचा संबंध कोणत्याही बोधकथेवाचून त्या मुलाला कळतो. चूक करण्याची मोकळीक आणि ती निस्तरण्याची जबाबदारी या दोन्ही एकत्रच द्याव्या लागतात. एक दिली आणि दुसरी रोखली, तर लाड तरी होतात किंवा जाच तरी.

या विचाराची परंपरा जुनी आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालसंस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन ही त्यांची साधने. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंत्सो या श्रमिकांच्या वस्तीत बालगृह उघडले आणि पाणी ओतणे, धूळ पुसणे, गुंड्या लावणे यांना अभ्यासक्रमात स्थान दिले. त्यांच्या वर्गात प्रत्येक साधन एकेकच ठेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत थांबणे हाही पाठ आपोआप होतो. आमच्या गुजरातेत वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक तेथे आल्या आणि मराठी व गुजराती बालशिक्षणाचे नाते जुळले.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. सुखवस्तू घरच्या मुलाला तांब्यातून पाणी ओतायला शिकवणे ठीक. पण जी सहा वर्षांची मुलगी पहाटे विहिरीवरून घागर आणते आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते, तिला हे कशाला? तिचे हात आधीच पुरेसे राबतात. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु घागर आणताना ती थांबू शकत नाही, पुन्हा करून पाहू शकत नाही. सांडले तर मार बसतो. बालवर्गात तीच कृती तिची स्वतःची होते. श्रम आणि शिक्षण यांतील सीमारेषा कामात शोधून सापडत नाही. ते काम कोणाच्या गरजेसाठी आणि कोणाच्या गतीने चालले आहे, यात ती असते. ताराबाईंनी हे ओळखले होते. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम उभे राहिले. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने वापरली गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने करणारा वरचा, ही उतरंड आपण शतकानुशतके जन्माशी बांधून ठेवली. झाडणे-पुसणे हे अमक्यांचे, बायकांचे, मोलकरणीचे, असे मूल वयाच्या चौथ्या वर्षीच घरात पाहते. अशा घरातून आलेला मुलगा आपल्या हाताने फरशी पुसतो, तेव्हा समतेचा पहिला धडा तो गिरवत असतो. नागरिकशास्त्राचे पुस्तक हाती पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला एक ठाऊक आहे : जे मोजता येते तेच अहवालात चढते. किती अक्षरे आली, अंक कितीपर्यंत येतात, याचे रकाने असतात. मूल किती वेळ चिकाटीने एका कामाला लागले होते, याचा रकाना नसतो. पालकही नकळत तेच रकाने भरू पाहतात आणि शाळा त्यांना हवे ते देते. एका बाईंच्या हाताखाली चाळीस मुले असली, तर पाण्याचा तांब्या कपाटातच राहणार, हेही खरे. त्या बाईंना दोष देऊन भागणार नाही. वर्ग लहान असावेत, असा आग्रह पालकांनीच धरायला हवा.

म्हणून नातवंडांसाठी बालवर्ग निवडताना भिंतीवरची चित्रे आणि गणवेश पाहून झाल्यावर एक गोष्ट अवश्य पाहावी. पुसण्याचे फडके मुलाचा हात पोचेल अशा खुंटीवर टांगलेले आहे, की मावशींच्या कपाटात बंद आहे? आणि घरी परतल्यावर आपल्या स्वयंपाकघरातही तीच तपासणी करावी.