ग्रंथालयाचा अधिकारी कोण?

वेदान्ताचा कोणताही प्रकरणग्रंथ उघडला तरी आरंभीच चार गोष्टींचा निर्णय केलेला आढळतो: या ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, ग्रंथाचा व विषयाचा संबंध काय आणि प्रयोजन काय. या अनुबंधचतुष्टयाची निश्चिती झाल्यावाचून पुढे जायचे नाही, अशी शास्त्रकारांची शिस्त होती. सातारा-सांगलीकडील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांपुढे संगणकीकरणाच्या ज्या योजना हल्ली मंजुरीसाठी येतात, त्यांना हीच कसोटी लावून पाहावी असे मला वाटते. त्यांत विषय भरपूर असतो. संगणक किती, बारकोड वाचणारी यंत्रे किती, ‘ई-ग्रंथालय’ घ्यावे की ‘कोहा’, ग्रंथांची छायाप्रत कोणाकडून करवून घ्यावी, याचा तपशील दरपत्रकांसह दिलेला असतो. प्रयोजनाच्या रकान्यात ‘आधुनिकीकरण’ एवढा एकच शब्द पुरतो. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या अधिकाऱ्याचा पत्ता शेवटच्या पानापर्यंत लागत नाही.

अधिकाराची कल्पना आपल्या परंपरेत दुहेरी राहिली आहे. एका बाजूने ती सोवळ्याची भिंत झाली आणि जन्माच्या आधारावर कोट्यवधींना विद्येच्या उंबऱ्याबाहेर उभे करून ठेवण्याच्या कामी आली. तिचे समर्थन आज कोणी करू नये. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन केलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थ मांडला, आणि पुढे ज्या मराठी विश्वकोशाची धुरा त्याच वाईत वाहिली, त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघून आज तो जालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. एका माणसाच्या हयातीत व त्याच्या मागे ही भिंत किती खचली, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. परंतु अधिकाराच्या कल्पनेला दुसरीही बाजू आहे. विद्या नुसती समोर ठेवल्याने पोहोचत नाही, ती घेणाऱ्याच्या ठिकाणी काही सिद्धता लागते, हे शास्त्रकारांचे निरीक्षण खोटे नव्हते. प्रश्न एवढाच, की ही सिद्धता घडवण्याचा भार कोणावर? गुरुकुलाने तो शिष्यावर टाकला. सार्वजनिक ग्रंथालय ही संस्था जन्माला आली ती तो भार स्वतःच्या खांद्यावर घेण्यासाठी. रंगनाथन् यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे ग्रथित केली, त्यांतील प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा हे सूत्र मला या दृष्टीने धर्मसूत्राच्या योग्यतेचे वाटते; कारण त्यात वाचकाची परीक्षा नाही, परीक्षा आहे ती ग्रंथपालाची.

आता देवघेवीच्या खिडकीशी क्षणभर उभे राहा. एक वृद्ध बाई पिशवीतून पुस्तक काढून ठेवतात आणि म्हणतात, “मागं नेलं होतं बघा, निळ्या पुठ्ठ्याचं, त्याचा दुसरा भाग द्या.” खिडकीतला जुना कर्मचारी “बसा आजी, आणतो,” म्हणून उठतो आणि कपाटाच्या तिसऱ्या फळीवरून तो भाग काढून आणतो, कारण त्याच्या स्मरणात पुस्तकाबरोबर वाचकही आहे. त्याच्या जागी संगणकी तालिका बसवली आणि तिच्यात ह्रस्वदीर्घाची एक चूक झाली, की ‘नोंद आढळत नाही’ असे शुष्क उत्तर मिळते. सभासदत्वाचे नूतनीकरण करायला गेले तर सांकेतिक अंक ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो पुण्याला नातवाच्या खिशात असतो. कोणीही त्या बाईंना मज्जाव केलेला नाही, आणि तरी त्या अनधिकारी ठरल्या. जुन्या भिंतीला निदान धर्मशास्त्राचा आधार तरी सांगितला जाई. ही नवी भिंत केवळ कोणी विचारच केला नाही म्हणून उभी राहते. यंत्र नको असा याचा अर्थ मुळीच नाही. दाखल नोंदवही आणि तालिका यंत्रावर आल्याने जी सोय होते ती नाकारणे हा हटवादीपणा होईल. परंतु शब्द चुकीचा लिहिला तरी जवळचा शब्द शोधून देण्याची, आणि भ्रमणध्वनीवाचून सभासदाचे काम होण्याची तरतूद मागणे हे विक्रेत्याचे काम नव्हे, मंडळाचे आहे.

या बाबतीत आपल्याच मुलखात एक उत्तम योजना तीनशे वर्षांहून अधिक काळ लिहून ठेवलेली आहे. सज्जनगडावर ज्यांनी देह ठेवला त्या समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. ब्रह्मनिरूपण करणारा हा पुरुष तेथे बोरू, शाई, कागद, मेणकापड, पेट्या आणि कुलपे यांची चर्चा एखाद्या दक्ष दफ्तरदाराच्या बारकाईने करतो. भोवती जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असे तो बजावतो. आणि तरुणपणी अति बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी कामाला येत नाही, असेही सांगतो. पहिल्या सूचनेत नाश होणारच हे गृहीत धरलेले आहे, दुसरीत डोळे मंदावणारच हे. साधन नश्वर आहे आणि वाचक दुर्बळ होणार आहे, ही दोन सत्ये मान्य करून मग अक्षर काढायला बसायचे, याला मी वैराग्याचा व्यवहारातील उपयोग म्हणतो. आजच्या किती योजनांत मोठ्या टाइपाची तरतूद असते? पाच वर्षांनी ही प्रणाली बंद पडली तर नोंदी कोणत्या रूपात बाहेर काढता येतील, असा प्रश्न करार करण्यापूर्वी किती मंडळे विचारतात?

वाचकाने काय वाचले याच्या नोंदीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. यंत्र हा चित्रगुप्त आहे. तो काही विसरत नाही. पण चित्रगुप्ताची वही यमाखेरीज कोणी पाहत नसे, ही पोथ्यांतील व्यवस्था फार शहाणपणाची होती. पुस्तक परत आले, दंड असल्यास वसूल झाला, की त्या पुस्तकाचा आणि त्या माणसाचा संबंध नोंदीतून पुसून टाकावा. मनुष्याचे वाचन हे त्याच्या उपासनेइतकेच खासगी आहे.

सांगलीला नाशाचा धडा पुस्तकातून शिकावा लागला नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली; तेथील धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. शतकाहून अधिक जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ चिखलात गेले. ग्रंथ भिजतो तेव्हा निदान एखादा दुसऱ्या गावाहून मागवता येतो. परंतु एकमेव हस्तलिखित वा स्थानिक नियतकालिकाचा एकमेव संच गेला तर तो गेलाच. म्हणून योजनेत छायाप्रतीचा क्रम ठरवताना जे सर्वत्र मिळते ते शेवटी आणि जे येथेच आहे ते आधी घ्यावे. लोकप्रिय कादंबऱ्यांपासून आरंभ करण्याचा मोह होतो, कारण आकडे फुगतात आणि अहवाल साजरा दिसतो. तो मोह टाळावा.

राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवली जातात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. ‘ड’ वर्गातल्या खेड्यातील वाचनालयाला सर्व्हर कोठून परवडणार? तेथे जिल्ह्याच्या ग्रंथालयाने यंत्राचा भार घ्यावा आणि खेड्याने वाचक सांभाळावा. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारमध्ये 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’ उभे आहे. तेथे लोकांनी आपल्या घरांत कपाटांना जागा दिली आणि परक्या वाचकाला ओसरीवर बसू दिले. इतके साधे आतिथ्य ज्या जिल्ह्यात शक्य झाले, तेथे मोठ्या ग्रंथालयाने धाकट्याला यंत्रावरची जागा उसनी देणे अशक्य मानू नये.

तेव्हा यंदाचा अर्थसंकल्प मंजूर करण्यापूर्वी मंडळांनी योजनेच्या पहिल्या पानावर अधिकाऱ्याचा उल्लेख करावा, दरपत्रके त्यानंतर जोडावीत. आणि सांगलीकरांना एक वेगळी विनंती: आपल्या तालिकेची आणि छायाप्रतींची एक नक्कल जतला ठेवा. कृष्णेचा पूर तेथवर जात नाही. तिचे पाणी मिळावे म्हणून जतकर तर वर्षानुवर्षे भांडत आले आहेत.