मुठीचा प्रश्न

देशाकडून पाहुणे आले की, आम्ही त्यांना जयपूरच्या सिटी पॅलेसमधील सिलेहखान्यात नेतो. ते पात्यांकडे पाहतात. आमची दृष्टी मुठींवर खिळते. स्फटिक, जेड, हस्तिदंत! पाते कदाचित कोणावर उगारलेही गेले नसेल. हस्तिदंती मुठीपायी मात्र एक जीव आधीच गेलेला असावयाचा.

१९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही. येथील कारागीर उंटाच्या हाडाकडे वळले. मेलेल्याचेच हाड, मग दोष कसला, असे म्हणून आम्हीही तशा मुठीची सुरी घेतली. पण मागणी वाढल्यावर मरणाची वाट कोण पाहतो? उंटाच्या कत्तलीवर राजस्थानने बंदी घातली, ती २०१५ साली. हाड कोठले, हे दुकानदाराला विचारावयाचे आम्ही टाळले. सुरी अजून कागदातच आहे.