काट्याची साक्ष

क्रू येथील कारखान्यात १९४६ ते १९५२ या काळात तयार झालेल्या बेंटले मार्क सहा या मोटारीत एक लहानशी, परंतु विचारास प्रवृत्त करणारी योजना आहे : पेट्रोलची पातळी दाखविणारा जो काटा, तोच एक कळ दाबली असता इंजिनाच्या चेंबरमधील ऑइलची पातळी सांगतो. साक्षीदार एक, प्रकरणे दोन. अशी एखादी मोटार सत्तर वर्षांची झाल्यावर मालकाने नित्याप्रमाणे कळ दाबावी आणि काट्याने चेंबर रिकामे असल्याचा निर्वाळा द्यावा, तर तो खरा मानावा काय? हा प्रश्न मिस्त्रीपुरता नाही. आपल्या दर्शनकारांनी प्रामाण्यवाद या नावाने शतकानुशतके ज्याचा खल केला, तोच हा प्रश्न होय.

मीमांसक कुमारिलभट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. विरुद्ध ज्ञानाने त्याचा बाध होईपर्यंत किंवा ते ज्यातून उपजले त्या कारणातला दोष उघडकीस येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवणेच युक्त. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञानाचे खरेपण बाहेरून, त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की नाही यावरून ठरते, असे ते म्हणतात.

दुरुस्तीला बसलेला जाणता मिस्त्री या दोन्ही मतांना न कळत मान देतो. प्रथम तो पेट्रोलचे माप पडताळतो. ते बिनचूक निघाले म्हणजे काटा निर्दोष ठरतो आणि तपास तारेकडे व चेंबरमधील फ्लोटकडे वळतो. मग तो ऑइल काढून लिटरच्या मापाने मोजतो. ते पुरेपूर भरले, तर काट्याच्या जबानीचा बाध झाला. उरला कारणदोष. जुन्या मोटारींतले फ्लोट बुचाचे किंवा पोकळ पितळेचे असत. बूच वर्षानुवर्षे तेल पिऊन जड होते, पितळेच्या जोडाला केसाएवढे छिद्र पडते. पितळी फ्लोट कढत पाण्यात बुडविला की आतली हवा प्रसरण पावते, छिद्रातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते आणि दोष डोळ्यांदेखत शाबीत होतो.

त्या बुडबुड्यांपाशी मला थांबावेसे वाटते. ज्या तेलाची पातळी सांगण्यासाठी फ्लोट त्यावर तरंगत होता, तेच तेल आत शिरल्यामुळे तो बुडाला. विषय बाहेर होता तोवर तो साक्षी होता, विषय पोटात गेल्यावर पक्षकार झाला. वेदान्ताने साक्षीला असंग का म्हटले, याचा इतका सुबोध दाखला मला अन्यत्र आढळलेला नाही. लोभाने भरलेले मन लाभाचे आणि भयाने भरलेले मन संकटाचे माप चुकवते, ते याच न्यायाने.

परंतु एक शंका उरतेच : काट्याला मापाने तपासले, तर मापाला कशाने तपासावे? ही अनवस्था तर्काने संपत नाही. ती संपते कुठल्या तरी एका प्रमाणावर भार टाकून हाताने काम पुढे नेल्यावर. म्हणून श्रद्धा आणि परीक्षा यांचे वैर मला मान्य नाही. परीक्षा करणारा कशावर तरी श्रद्धा ठेवूनच परीक्षा करतो, आणि ज्याला श्रद्धा प्रिय आहे त्याने तिच्या साधनांची वेळोवेळी रुजुवात घेणे हे तिच्याविषयीचे कर्तव्यच आहे.

मिस्त्री फ्लोटमधले तेल थेंबन् थेंब निथळवितो, डाख देऊन छिद्र बुजवितो, फ्लोट पुन्हा कढत पाण्यात धरतो. आता बुडबुडा येत नाही. चेंबरमध्ये मापामापाने ऑइल पडते, कळ दाबताच काटा त्या त्या मापानिशी वर चढतो. उद्या मालक तीच कळ दाबील आणि त्याच काट्यावर विसंबेल. मात्र आता त्या विसंबण्यामागे कुणीतरी घेतलेली खातरजमा उभी असेल.