मोलाची माया

गेल्या उन्हाळ्यात, रविवारची मिस्सा संपल्यावर, अकरावीची परीक्षा दिलेली एक मुलगी आम्हांला भेटावयास आली. तिच्या शेजारचे जोडपे रोज वसई रोडहून चर्चगेटची गाडी पकडते. आजी वारल्यापासून त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला दुपारनंतर पाहणारे कोणी उरले नव्हते. ते काम या मुलीने पत्करले होते आणि महिन्याकाठी काही रक्कम ठरली होती. "फादर, आई म्हणते, शेजाऱ्याचे मूल सांभाळण्याचे कोणी पैसे घेते का? तुम्हीच सांगा, हे चुकीचे आहे का?"

आईचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. वाडीतल्या घरांत मूल कोणा एकाच्या गळ्यात कधी पडतच नसे. ओटीवर आजी असे, विहिरीवर काकी असे, आणि रांगते पोर बावखलाकडे वळलेच तर ते कोणाच्या तरी दृष्टीस पडे. त्या राखणीला मोल नव्हते, कारण ती सर्वांत वाटलेली होती. आता बंद दाराआड सोळा वर्षांची एक मुलगी आणि एक बालक, एवढेच. पूर्वी दहा जणांनी वाटून घेतलेले काम एकीवर आले, तर तिने मोबदला घेण्यात मायेचा बाजार होतो असे आम्हांला वाटत नाही. निर्गमाच्या पुस्तकात फारोच्या कन्येने मोशेला पाजण्यासाठी त्याच्या आईलाच वेतन देऊ केले. तिने ते नाकारल्याचे कोठेही लिहिलेले नाही. आणि ही जुळणी करून दिली कोणी, तर लव्हाळ्यात ठेवलेल्या पेटीवर दुरून नजर ठेवून उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीने!

पैशाचा प्रश्न असा सुटतो, पण त्याच्या मागे दडलेला दुसरा सुटत नाही. पगार आईबाप देतात. देणे मात्र त्या मुलाचे लागते. मालक घरी नसतो, आणि ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याला साक्ष देता येत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही एका दुसऱ्या धर्मग्रामात असताना, पंधरा वर्षांचा एक मुलगा असेच शेजारचे बाळ सांभाळीत असे. एके दिवशी बाळ पलंगावरून पडले, रडले आणि थोड्या वेळाने शांत झाले. मुलाने ते कोणास सांगितले नाही. पगार कापला जाईल ही भीती होतीच. आपल्यावर पुन्हा कोणी विश्वास टाकणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती. रात्री बाळाला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारले, "कोठे पडले होते का?" आईने खात्रीने सांगितले, "नाही." पोटाचे औषध घेऊन सारे घरी परतले. पहाटे त्या मुलाने आमचे दार ठोठावले. ते पापनिवेदन नव्हते, आणि ही हकीकत लिहिण्यास त्याची संमती आहे, म्हणूनच सांगतो. आम्ही दोघे तसेच त्या घरी गेलो आणि त्याने सारे सांगितले. बाळाला रुग्णालयात नेले. तीन दिवसांनी ते सुखरूप घरी आले.

बाळ पडले हा अपघात होता, तो त्याचा दोष नव्हे. त्यानंतरचे मौन मात्र त्याचे स्वतःचे होते. तरीही त्या मौनाचा सारा भार आम्ही त्याच्या पंधरा वर्षांवर टाकणार नाही. "काही झाले तर प्रथम आम्हांला कळव, आम्ही रागावणार नाही," हे एक वाक्य पहिल्या दिवशी त्याला कोणी ऐकवले नव्हते.

त्या मुलीला आम्ही विचारले, "मुलाच्या घशात शेंगदाणा अडकला तर काय करशील?" तिला ठाऊक नव्हते. तान्ह्या बाळाला हातावर पालथे धरून पाठीवर थापा कशा द्याव्यात, वर्षावरच्या मुलासाठी काय करावे, हे वाचून येत नाही. ओळखीच्या परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकावे लागते. बादलीतले वीतभर पाणीही मुलाचा घात करू शकते. रडणे थांबत नाही म्हणून तान्ह्याला जोराने हलवल्यास मेंदूला इजा होते. राग अनावर झालाच तर त्याला पाळण्यात उताणे निजवून आपण दोन मिनिटे दाराबाहेर उभे राहावे. ११२ हा क्रमांक पाठ असावा. मोबाईलविषयी आम्ही काही बोललो नाही, तिने स्वतःच तो पिशवीत टाकला.

आणि सांभाळणारी स्वतःही अजून मूलच आहे, हे मोठ्यांनी विसरू नये. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही; लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा तर अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालकच मानतो. त्या घरातल्या कोणाच्या वागण्याने संकोच वाटला, तर पगार आणि शेजारधर्म दोन्ही बाजूस ठेवून त्याच क्षणी आईला बोलवावे, असे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. तिने मान खाली घातली, पण ऐकले.

पुढच्या रविवारी ती पुन्हा भेटली. आई स्वतः ते घर पाहून आली होती. फ्रिजवर दूरध्वनी क्रमांकांचा कागद लागला होता आणि त्यात आईचाही क्रमांक होता. "आणि पैशांचे काय?" आम्ही विचारले. ती हसली. "आई म्हणते, त्यांची गाडी उशिरा आली तर त्या तासाचे वेगळे घे."