निगा आणि अनासक्ती

ज्याचे मन वस्तूंत अडकलेले नाही, त्याने वस्तूंची फार काळजी करू नये, असा एक समज आपल्या धार्मिक बोलण्यात खोल रुजलेला आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि तो तपासायला मिनेसोटा किंवा इलिनॉयमधल्या घरामागचे गवत कापणारा लॉन ट्रॅक्टर पुरेसा आहे. ऑक्टोबरअखेर गवताची वाढ थांबते आणि पुढचे चार-पाच महिने हे यंत्र मालकाला काहीही देत नाही. नेमक्या याच काळात त्याला सर्वांत जास्त जपावे लागते. तिथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. म्हणून टाकीत स्टॅबिलायझर मिसळून इंजिन काही मिनिटे चालवायचे, म्हणजे ते आतपर्यंत पोहोचते. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले आणि पाणी असते, ते हिवाळाभर धातूला खात बसते. त्यामुळे ऑइल वसंतात बदलण्यापेक्षा आताच बदललेले बरे. पात्यांवरच्या डेकखाली ओले गवत चिकटून राहिले तर पत्रा गंजतो. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीतले द्रावण उणे 50 अंशांतही गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीतले उणे 10 च्या आसपासच गोठते आणि बॅटरी फुटू शकते.

यावर कोणी म्हणेल, यात अध्यात्म कुठले? दुरुस्तीचा खर्च वाचावा म्हणून माणूस हे करतो. बरेचदा तसे असेलही. पण पुढच्या उन्हाळ्याआधी घर विकून ट्रॅक्टर तिथेच सोडून जाणारा माणूस घ्या. त्याला यातून काहीच मिळायचे नाही, तरी ऑइल बदलणे त्याचे कर्तव्य उरते, असे आपल्याला आतून पटते. गांधीजींनी मालकाला विश्वस्त मानले ते याच जाणिवेतून, आणि गीतेने राज्य चालवणाऱ्या जनकाचा दाखला दिला तोही उगाच नव्हे. आसक्तीला भोग हवा असतो. भोग थांबल्यावरही जी निगा राखली जाते, तिला आसक्ती कसे म्हणावे? अमेरिकेतल्या मराठी घरांत खंडेनवमी येते तीही साधारण गवत कापण्याचा हंगाम संपत असताना. औजाराला हळदकुंकू वाहून त्याच्या टाकीत पेट्रोल तसेच सडू देणे, ही पूजा मला अर्धवट वाटते.

खरा बोचरा आक्षेप अपरिग्रहाचा आहे. जपणूक वाढली की ममत्व वाढते, तेव्हा वस्तूच नको, असे जैन विचार सांगतो. आणि लहानशा अंगणासाठी ट्रॅक्टर घेणे अनावश्यकच आहे, हे मी मान्य करतो. मात्र तो प्रश्न खरेदीच्या वेळी विचारायचा. वस्तू घरात आल्यावर तिची हेळसांड केल्याने परिग्रह तसूभरही घटत नाही. लोखंड, शिसे, आम्ल तिथेच राहते, नवे यंत्र घडवायला पुन्हा खाणी खणल्या जातात आणि गंजलेल्याचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात जातो. ज्याला अपरिग्रह खरोखर साधायचा आहे, त्याने ट्रॅक्टर याच शरदात, डेक खरवडून, ऑइल बदलून, बॅटरी चार्ज करून, ज्याला गरज आहे त्याच्या हवाली करावा.