नकार कोणाचा?

आमच्या भागातील तरुण नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळुरास जातात. पगार बरा झाला की आईवडिलांस जवळ ठेवता यावे म्हणून वर्दळीच्या वस्तीत, दवाखाना आणि बाजार हाकेच्या अंतरावर असलेले प्रशस्त घर भाड्याने पाहू लागतात. भाडे ठरते, अनामत रकमेची जुळवाजुळव होते आणि मग मालक विचारतो, "आपण कुठले?" मादन हिप्परग्याच्या माणसास हे उत्तर तसेही एका शब्दात देता येत नाही, १९५६ पासून गाव कर्नाटकात, घरातली भाषा मराठी. परंतु मालकास भूगोल नको असतो. त्याला जात हवी असते, आणि स्वयंपाकघरात काय शिजते ते.

मालकास काहीच विचारू नये असे आम्ही म्हणत नाही. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि हातचे घर परत मिळणे दुरापास्त झाले, ही धास्ती कित्येक घराण्यांनी अनुभवली आहे. भाडे वेळेवर येईल का, मुदतीअंती घर रिकामे होईल का, हे प्रश्न रास्तच. जन्माविषयीच्या प्रश्नाचा घराच्या वापराशी काय संबंध, हे मात्र आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

डॉ. आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. काठ्यांपेक्षा पुढचा भाग आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. त्यांनी दोन स्नेह्यांस विचारले. हिंदू स्नेह्याने सांगितले, घरातले नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीस विचारावे लागेल म्हटले. दोघेही सज्जन, दोघांनीही 'नाही' हा शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारला नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ आंबेडकरांनी सार्वजनिक बागेत काढला.

आज नोकरांची जागा सोसायटीने घेतली आहे. "आमचे काही नाही हो, पण सोसायटीचे लोक..." हे वाक्य कोणी ऐकले नाही? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेस सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. तो निकाल सभासदत्वाचा होता. पण त्याच्या आडोशास उभे राहणारे पुष्कळ. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती आखून दिली. रक्कम मोजता येते, म्हणून कायदा तेथवर पोहोचला. जातीवरून दिलेला नकार कोणत्या रकान्यात भरावा? शासकीय चाकरीत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट ठाऊक आहे: कागदावर ज्याची सही, निर्णय त्याचा. करारनाम्यावर सोसायटी सही करीत नाही, बायको नाही, नोकरही नाही.

आपल्या जुन्या घराण्यांपैकी अनेकांचे सोलापुरात, पुण्यात आता स्वतःचे फ्लॅट आहेत. मुले परदेशी असल्याने काहींस कुलूप आहे, काहींत भाडेकरू आहेत. दलालास किल्ली देताना त्यास "लोक आपल्यासारखे पाहा" असे सांगण्याची रीत आहे. 'आपल्यासारखे' म्हणजे कोण, हे दलाल कधी विचारीत नाही. त्याला ते बरोबर समजते.